आधी घड्याळ, मग बाळ

डॉक्टर, तुमची वेळ मी चार पस्तीस सांगितली आणि ती बदलली नाही. त्यावरून तुमच्या घरात माझ्याविषयी थोडी नाराजी आहे, ती आधी तुमच्या कानावर घालते.

त्या दुपारी वहिनी नुकत्याच आडव्या झाल्या होत्या. तुमचा मुलगा अभय गॅलरीत फोनवर बोलत होता. तुमचा हात माझ्या हातात होता. श्वास दोनदा अडला, परत आला, तिसऱ्यांदा आला नाही. मी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग तुमच्या चेहऱ्याकडे. वहिनींना हाक मारायच्याही आधी मनात चार पस्तीस म्हणून घेतलं. नंतर माझी मलाच लाज वाटली, पण ही सवय तुमचीच. बाळ रडलं की आधी घड्याळ, मग बाळ, असं तुम्ही आम्हा सगळ्या सिस्टरांच्या डोक्यात बसवलं होतं.

गुरुजींनी पंचांग उघडलं तर पंचक चार वीसला लागलेलं. पंचकात माणूस गेला की घरावर आणखी संकटं येतात म्हणून पिठाचे पाच पुतळे करून शांत करावी लागते, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या अक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या की वीस मिनिटांनी काय होतंय, सव्वाचार म्हण. अभयही आला. मावशी, सगळे परेशान आहेत, प्लीज, म्हणाला. मी नाही म्हटलं. दाखला द्यायला शेजारचे डॉक्टर आले तेव्हा मी सगळ्यांच्या देखत चार पस्तीस सांगितलं. पिठाचे पाच पुतळे झाले. स्वयंपाकघरातून कुणीतरी म्हणालं, नर्सबाईंचा हट्ट बघा, मेलेल्या माणसाच्या वेळेवर भांडतात.

तुम्ही असता तर हसला असता. काय लिहायचं ते लिहा, मला कुठे आता पत्रिका जुळवायचीय, म्हणाला असता. म्हणूनच हे तुम्हाला सांगायला हवं. वीस मिनिटांसाठी मी तुमच्या अक्कांशी वाकडं का घेतलं, त्याचं कारण त्या घरात फक्त मला माहीत होतं. ते तुम्हालाही माहीत असायला हवं होतं. नऊ वर्षं मी ते तुमच्यापासून लपवलं.

मी तुमच्याकडे आले तेव्हा मला अठ्ठाविसावं चालू होतं. काचीगुड्याचं ते दोन मजली प्रसूतिगृह, वर बारा खाटा, खाली तुमची बाळांची ओपीडी. माझे वडील नांदेडकडची शेती भावांवर टाकून इथे आलेले, नवरा सिकंदराबादला रेल्वेत. तुमच्याकडे तीन पिढ्या सरकारी नोकरीतल्या. तुमच्या मराठीत निम्मं उर्दू, माझ्या मराठीत निम्मं नांदेड. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला काहीतरी ‘तसल्लीनं’, म्हणजे सावकाश, करायला सांगितलंत आणि मी ते ‘तसल्यानं’ समजून कुठला तसला म्हणून शोधत बसले, अशी एक गोष्ट तुम्ही सगळ्यांना सांगायचात. ती खोटी होती. मला तसल्ली कळत होती. पण तुम्ही इतकी रंगवून सांगायचात की मी कधी खोडून काढली नाही.

माझ्या डब्यातली भाकरी आणि अंबाडीची भाजी तुम्ही हक्कानं काढून घ्यायचात. वर ती तेलुगूतली गोंगुराच आहे, तुम्हा लोकांना नाव ठेवता येत नाही, म्हणून वाद घालायचात. नवरा गेला तेव्हा तुम्ही सांत्वनाचं एक अक्षर बोलला नाहीत. पंधराव्या दिवशी इंग्रजीतलं एक जाडजूड मासिक माझ्यापुढे टाकलंत आणि म्हणालात, सिस्टर, एवढं पान वाचून मला उद्या सांगा. मला राग आला होता. मी घरी जाऊन डिक्शनरी घेऊन बसले. त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. तुम्हाला ते आवडलं नसतं.

त्या पानावर पीसीटी नावाची रक्ततपासणी होती. प्रोकॅल्सिटोनिन हे तिचं पूर्ण नाव मी तीन दिवस घोकलं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर ते मोठ्या माणसासारखं सांगत नाही. ताप येईलच असं नाही. जरा सुस्त होतं, दूध नीट ओढत नाही, बस. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पण त्याच्या आधीच रक्तात काही गोष्टी वाढायला लागतात, त्या मोजता येतात, असं तुम्ही समजावलंत. जुनी तपासणी होती ती सीआरपीची. ती म्हणजे घर जळून गेल्यावर येणारा बंब, असं तुमचं म्हणणं. पीसीटी लवकर चढतो. फक्त त्यात एक गोम होती. निरोगी बाळाच्या रक्तातही तो जन्मानंतर आपोआप चढतो, साधारण एका दिवसात वर जातो आणि मग उतरतो. म्हणजे नुसता आकडा बघून काही कळत नाही. बाळ किती तासांचं आहे ते माहीत असेल तरच त्या आकड्याला अर्थ.

तेव्हापासून तुम्ही तासांचे झालात. दोन दिवसांचं बाळ म्हटलं की चिडायचात. तासांत सांगा, सिस्टर. तेलुगू आयांनाही तेच, एन्नि गंटलैंदम्मा, किती तास झाले. अभयच्या वाढदिवसालाही तुम्ही त्याचं वय तासांत काढलं होतं, आणि वहिनी म्हणाल्या होत्या की केक कापू द्या आधी त्याला.

आणि तुमचा तो तक्ता. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, पट्टी धरून, स्केचपेननं आखलेला. दर सहा तासांची एक पट्टी, आणि प्रत्येक पट्टीसमोर तेवढ्या वयात चालेल असा वरचा आकडा. पहिल्या दिवसापर्यंत आकडे चढत जाणारे, मग उतरत जाणारे. वरून प्लास्टिक लावून तो तुम्ही आमच्या खोलीत भिंतीवर टांगलात. त्या तक्त्यामुळे किती बाळांना वेळेवर औषध सुरू झालं आणि किती बाळांच्या हातात उगाच सुया खुपसायच्या वाचल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमचा त्यावर जीव होता. माझाही होता.

आता सांगते. त्या मुलीचं आणि तिच्या आईचं नाव मी इथे बदललं आहे. मुलीला वेदिका म्हणते, आईला सुजाता.

सुजाता नामपल्लीहून आली होती, पहिलटकरीण. मंगळवार होता. आमच्या डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये अडकल्या होत्या, आणि कळा तर थांबणार नव्हत्या. बाळंतपण मीच केलं, सगळं सुरळीत झालं. बाळ रडलं आणि मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून पन्नास मिनिटं. मग बाळाकडे पाहिलं. छान मुलगी होती, डोक्यावर भरपूर जावळ.

बाळंतिणीचं सगळं आवरून दुपारी दोनला मी नोंदवही उघडली तेव्हा सुजाताची सासू माझ्यापाशी येऊन उभी राहिली. अमावस्या एक अडतीसला संपत होती, तिनं सकाळीच पंचांगात पाहून ठेवलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, पण वेळ थोडी इकडेतिकडे करून द्यायची आमच्याकडे पद्धतच होती. कुणाचा राहुकाळ, कुणाचं मूळ नक्षत्र. पाच-दहा मिनिटं आम्ही हसत लिहून द्यायचो. कुणाचं काय जातं, असं वाटायचं. पेढ्यांचा पुडा यायचा, तो तुम्हीही खाल्लेला आहे. पण ही दोन तासांची गोष्ट होती, म्हणून मी नाही म्हटलं.

ती बाई रडली नाही, हात जोडले नाहीत. हळू आवाजात म्हणाली, “मी अमावस्येची आहे, सिस्टर. सासरी पाऊल टाकलं त्या दिवसापासून ऐकतेय. म्हैस मेली तरी मी, दिराची नोकरी गेली तरी मी. हिला नक्को.”

मी एक पंचेचाळीस लिहिलं.

नोंदवहीत लिहून थांबले असते तरी चाललं असतं. पण बाळाचा जो कागद तुमच्याकडे जायचा, त्यावरही मी तीच वेळ घातली. दोन कागदांवर दोन वेळा दिसल्या तर मी पकडली जाईन, म्हणून. चूक झाली म्हणून मी इतकी वर्षं मनात घोळवते ती खरं तर ही. त्या सासूला दया दाखवली ती नव्हे. मी माझी कातडी वाचवली, ती.

बुधवारी संध्याकाळी बाळ दूध ओढेना. ताप नव्हता, रंग चांगला होता. तुम्ही तपासलंत, तुमच्या कपाळावर ती एक आठी आली, आणि पावणेसातला रक्त पाठवलंत. आठच्या सुमाराला आकडा आला. तुम्ही तक्त्यासमोर जाऊन उभे राहिलात आणि मागे न बघता नेहमीसारखं विचारलंत, “तासांत सांगा, सिस्टर.”

कागद माझ्या हातात होता. त्यावर पाहून हिशेब केला तर रक्त काढलं तेव्हा बाळ एकोणतीस तासांचं होतं. मला माहीत होतं तो हिशेब एकतीस तासांचा. दोन्ही आकडे त्या क्षणी माझ्या डोक्यात होते, डॉक्टर. विसरले होते असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. वाटलं, दोन तासांनी काय होतंय.

“एकोणतीस,” मी म्हटलं.

तुमचं बोट चोवीस ते तीसच्या पट्टीवर थांबलं. त्या पट्टीत तो आकडा बसत होता, काठावर का होईना. बोट एकच घर खाली गेलं असतं तर बसला नसता. तुम्ही म्हणालात, चालतंय, लक्ष ठेवा, पहाटे परत रक्त पाठवा. तुम्ही जिना उतरून गेलात. मी तक्त्याकडे पाहिलं, खालची पट्टी पाहिली. मला तेव्हाच कळलं होतं. खाली जाऊन तुम्हाला हाक मारायला वीस पावलं होती. मी बाळापाशी जाऊन बसले. तासातासानं त्याला पाहत राहिले, जणू त्यानं भरपाई होणार होती. मिळेल तेवढं दूध चमच्यानं पाजत होते. ते पीत होतं, म्हणून मला आशा वाटत होती.

पहाटे बाळ ताठ झालं. रडणं बारीक, चिरकं. तुम्ही पायजम्यावरच आलात. मोठ्या इस्पितळात हलवलं, मेंदूच्या आवरणाला सूज असल्याचं निघालं. तीन आठवड्यांनी मुलगी घरी गेली. जगली. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही हे पुढे काही महिन्यांनी कळलं. ऐकू येणं आजारानं गेलं की जीव वाचवणाऱ्या औषधानं, हे कुणी नक्की सांगू शकलं नाही. औषध दहा तास आधी सुरू झालं असतं तर काय झालं असतं, हेही नाही.

त्यानंतरचे तुमचे महिने मी पाहिले. तुम्ही तो कागद शंभरदा उलटासुलटा केला असेल. एकदा दुपारी नोंदवही हातात घेऊन तुम्ही माझ्यासमोर बसलात. भाकरीचा डबा उघडा होता, तुम्ही हात लावला नव्हता. विचारलंत, “वेळ बरोबर होती ना, सिस्टर?”

मी हो म्हटलं.

तुम्ही लगेच वही मिटलीत. तुम्ही लिहिलीय म्हणजे बरोबरच, म्हणालात, आणि वर माझी माफी मागितलीत, तुमच्यावर शंका घेतली असं समजू नका म्हणून. तुम्ही माझ्या तोंडाकडे अजून थोडा वेळ पाहत बसला असता तर मी बोलले असते असं मला वाटतं. पण हे तुमच्यावर ढकलणं झालं. तुम्ही विश्वास ठेवलात यात तुमचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी तक्ता भिंतीवर नव्हता. डॉक्टरांच्या बैठकीत तुम्ही उभं राहून स्वतःची चूक सांगितलीत. काठावरच्या आकड्यावर मी भरवसा ठेवला, तुम्ही ठेवू नका, म्हणालात. तुमचं ऐकून आणखी दोघातिघांनी ती तपासणी बंद केली. मग तुम्ही पुन्हा जुन्या वाटेला लागलात. जरा शंका आली की सुई, जरा शंका आली की सात दिवस औषध. मी भांडायची. तक्ता परत लावा म्हणायची, एवढी बाळं त्यानं वाचली म्हणायची. तुम्ही विचारायचात, मग त्या मुलीच्या वेळी का चुकला ते सांगा. आणि मी गप्प बसायची. आपलं हे भांडण अर्धवटच राहिलं. तुम्हाला वाटायचं माझ्याकडे उत्तर नाही.

सुजाता पुढे मुलीला घेऊन तुमच्याकडे आली, कानांची तपासणी झाल्यावर. तुम्ही मला आत थांबायला सांगितलंत. तुम्ही तिला म्हणालात की माझी चूक झाली, संध्याकाळीच औषध सुरू करायला हवं होतं. तुमचा आवाज फुटला. एवढा मोठा डॉक्टर समोर रडतोय म्हटल्यावर ती बिचारी घाबरली, तीच तुम्हाला पाणी देऊ लागली. पाण्याचा ग्लास तिच्या हातात मी दिला होता.

हे शेवटचे चार महिने रोज दुपारी मी सिकंदराबादहून बसनं तुमच्याकडे येत होते, ते सगळ्यांना माझे उपकार वाटले. वहिनी अजून म्हणतात, पोटच्या लेकीनं केलं नसतं. मी कशासाठी येत होते ते तुम्हाला सांगते. आज सांगायचं, असं ठरवून येत होते. तुमची पाठ पुसायचे, औषध द्यायचे, पेपर वाचून दाखवायचे, आणि पाच वाजता उठायचे. एकदा सुरुवात केली होती. डॉक्टर, ती नामपल्लीची मुलगी, एवढं म्हटलं. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात की तिला कानात यंत्र बसवलंय, आता बोलते, तिची आई दर दिवाळीला चकल्या पाठवते. थोड्या वेळानं म्हणालात, “माझ्या हातून ती एकच.” आणि झोपी गेलात. मी तुमच्या उशीपाशी बसून राहिले. झोपेतून उठवायला हवं होतं. आजारी माणसाला कशाला त्रास, असं मी मनाला सांगितलं. पहिल्यापासून माझं असंच आहे, प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणावर तरी दया दाखवायचं निमित्त मला सापडतं.

म्हणून त्या दिवशी चार पस्तीस. तुमच्याबाबतीत तरी खोटी वेळ सांगायची नाही, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

तेराव्याला सुजाता आली होती, वेदिकेला घेऊन. तुमच्या फोटोला हार घातला. मुलगी नऊ वर्षांची आहे, उंच झाली आहे, कानामागचं यंत्र केसांखाली झाकते. पंक्तीत सुजाता माझ्या शेजारी बसली आणि वहिनींना म्हणाली की आमच्या लेकीला डॉक्टरांनीच वाचवलं. वहिनी रडल्या.

काल मी नामपल्लीला गेले. सासू दोन वर्षांपूर्वी वारली, नवरा दुकानावर होता, मुलगी शेजारी खेळायला गेली होती. सुजातानं चहा ठेवला. मी म्हटलं, आधी ऐक. उभ्यानंच सांगायला लागले, तिनं मला बसवलं. मी सगळं सांगितलं. सासूचं नाव काढताना जड गेलं, पण त्या बाईवर मी काही ढकललं नाही. तिनं फक्त मागितलं होतं, लिहिणारा हात माझा होता.

चहा उतू गेला, सुजातानं उठून गॅस बंद केला. मग पहिली गोष्ट तिनं विचारली ती ही, “म्हणजे माझी लेक अमावस्येची?”

मी हो म्हटलं. नऊ वर्षं ज्याला घाबरले त्या प्रश्नाऐवजी हा प्रश्न आला. तिनं सासूच्या फोटोकडे पाहिलं. नवऱ्याला कसं सांगू, म्हणाली, मग म्हणाली, नाहीच सांगत. मला वाटलं, संपलं. मी पर्स उचलली.

“थांबा जरा,” ती म्हणाली.

कपाटातून तिनं मुलीची फाइल काढली. सगळे कागद तिनं जपलेत, डॉक्टर, तुमच्या अक्षरातला तो कागदही. त्यावर तुम्ही लिहिलेलं होतं, वय एकोणतीस तास. ती खुर्चीच्या काठावर बसली आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. अकरा पन्नास ते अकरा पन्नास चोवीस. मग बारा पन्नास, एक पन्नास, पुढे. ओठ हलत होते. पावणेसातशी येऊन तिचं बोट थांबलं.

“एकतीस,” ती म्हणाली. “आणि डॉक्टरांचा तक्ता तीसला बदलत होता.”

“हो.”

“मग त्यांचं काही चुकलं नव्हतं.”

“नाही.”

आता ती मला काय म्हणेल याची मी नऊ वर्षं तयारी केली होती. माझ्या लेकीचे कान तुम्ही घेतलेत, म्हणेल. चालती हो म्हणेल. त्यातलं प्रत्येक वाक्य मी मनात शंभरदा ऐकून ठेवलं होतं. तिनं फाइल मिटली आणि मांडीवर ठेवली.

“सिस्टर, डॉक्टर माझ्यासमोर रडले होते,” ती म्हणाली. “तुम्ही तिथंच उभ्या होतात.”

हो, डॉक्टर. मी तिथंच उभी होते.